दसऱ्याआधी घोडा बाहेर काढायचा नाही

‘ताई, मी इंदूरचाच, रामबागेतला. वय २६, नोकरी सॉफ्टवेअरची. रात्री जेवणं आटोपली की कॉम्प्युटरवर ‘एम्पायर : टोटल वॉर’ हा अठराव्या शतकातल्या राज्यांचा आणि लढायांचा खेळ लावतो. मराठे घेऊन ही माझी चौथी मोहीम. दर वेळी तेच होतं. १७२५च्या आसपास मोगल संपतात, १७४०पर्यंत अख्खा हिंदुस्थान माझा होतो आणि पुढची साठ वर्षं मी नुसता ‘एंड टर्न’, म्हणजे पाळी संपवायचं बटण, दाबत बसतो. डिफिकल्टी ‘व्हेरी हार्ड’ केली तर शत्रूच्या फौजा एकामागून एक कुठून येतात तेच कळत नाही, चिडचिड होते. ‘नॉर्मल’वर झोप येते. धाकटी बहीण शेजारी बसून बघत असते. परवा म्हणाली, दादा, तू तर नुसता नकाशा रंगवतोयस. इतिहास आवडतो म्हणून हे खेळ घेतले, पण खेळताना इतिहास कुठे जाणवतच नाही. सोडून देऊ का?’
– एक कंटाळलेला सरदार

प्रिय सरदार,

खेळ सोडू नकोस. बहिणीचं वाक्य मात्र वहीत लिहून ठेव, कारण दुखणं नेमकं तिनेच ओळखलंय. तुझा डाव १७९९ला संपत नाही, तो १७२५लाच संपतो. त्या दिवशी तुला कळलेलं असतं की आता कोणी आपल्याला हरवू शकत नाही. उरलेली वर्षं म्हणजे निकाल लागल्यावर पेपर लिहीत बसणं. हे या जातीच्या जवळजवळ सगळ्या खेळांत होतं. चार प्रांत जास्त, म्हणून पैसा जास्त, म्हणून फौज जास्त, म्हणून आणखी चार प्रांत. बर्फाचा गोळा उतारावरून सुटला की त्याला अडवायला वाटेत काही नसतं.

मग आपण डिफिकल्टी वाढवतो आणि वाटतं, शत्रू हुशार होईल. तो हुशार होत नाही, श्रीमंत होतो. ‘सिव्हिलायझेशन ६’ या अशाच दुसऱ्या खेळात हे उघड दिसतं. तिथे ‘प्रिन्स’ पातळीवर माणूस आणि कॉम्प्युटर बरोबरीचे. त्याच्या वर गेलं की कॉम्प्युटरला उत्पादनात, विज्ञानात, लढाईच्या ताकदीत वाढीव मदत मिळते आणि सगळ्यात वरच्या ‘डीटी’ पातळीवर तर तो जादा सेटलर, म्हणजे नवी शहरं वसवणारी माणसं, घेऊनच डाव मांडतो. अक्कल तीच, खिसा मोठा. टोटल वॉरची गोष्ट यापेक्षा फार वेगळी नाही. तुला राग येतो तो याचाच, आणि तो रास्त आहे.

मी स्वतः पंचविशी ओलांडायच्या आधीपासून हे खेळ खेळते. बरीच वर्षं घालवल्यावर एक गोष्ट पक्की झाली: शत्रूला वाढवून उपयोग नाही, आपले हात बांधायला हवेत. आणि बांधायचे तर ज्या दोऱ्यांनी खऱ्या सरदारांचे बांधलेले होते त्यांनीच बांधायचे. इतिहास खेळात जाणवत नाही म्हणतोस, कारण खेळाने तुला अशा तीन गोष्टी दिल्यात ज्या थोरल्या बाजीरावांपासून यशवंतराव होळकरांपर्यंत कोणालाच कधी मिळाल्या नाहीत. बारा महिने चालणारी फौज, सांगेल तसं वागणारे सरदार, आणि चूक झाली तर मागे जायची सोय. या तीन परत दे. खेळ कसा बदलतो बघ.

पहिली दोरी पावसाची. आपल्याकडे सीमोल्लंघनाला सोनं वाटतात, पण मुळात तो मोहिमेवर निघायचा मुहूर्त. पाऊस सरला, नद्या उतरल्या, चारा उभा राहिला की घोडी बाहेर काढायची आणि पुढच्या पावसाआधी छावणी गाठायची. ‘एम्पायर’मध्ये वर्षाच्या दोनच टर्न असतात, एक उन्हाळ्याची, तिच्यातच आपला पावसाळा धरायचा, आणि एक हिवाळ्याची. नियम त्यातच बसतो. चढाई फक्त हिवाळ्याच्या टर्नला. उन्हाळ्याच्या टर्नला फौज आपल्या मुलखात किंवा जिंकलेल्या शहरात पाहिजे. बाहेर अडकली तर ती जागची हलणार नाही, आणि तिच्यातली एक तुकडी तू स्वतःच्या हाताने बरखास्त करायची. तो उपाशी मेलेल्यांचा आणि पळून गेलेल्यांचा हिशेब.

एवढ्याशा नियमाने काय होतं ते सांगते. मागच्या थंडीत मी असाच डाव मांडला होता. मोगलांच्या एका शहराला वेढा घातलेला, बाजूला लिहून आलेलं, शरण यायला अजून दोन टर्न. एरवी मी ‘एंड टर्न’ दोनदा दाबून चहा करायला उठले असते. पण पुढची टर्न उन्हाळ्याची. थांबले तर तुकड्या गळणार, उठले तर वर्ष फुकट, आणि आत्ता चढून जायचं तर माझ्याकडे तट फोडायला तोफा नव्हत्या, नुसते पायदळ आणि घोडदळ. दहा मिनिटं मी त्या तटाकडे बघत बसले होते. शेवटी दोर टाकून चढवली माणसं. शहर मिळालं, निम्मी फौज गेली आणि माझा सगळ्यात जुना सेनापती दरवाजातच पडला. त्याच्या जागी आलेला नवा पोरगा पुढची चार वर्षं मला जपून वापरावा लागला. त्या शहराचं नाव मला अजून आठवतं. आधीच्या मोहिमांत जिंकलेल्या एकाही शहराचं आठवत नाही.

पाऊस म्हणजे काय हे आपल्या माळव्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. दोन सरी पडल्या की काळी माती चपलेला धरते ती सुटत नाही. १८०४च्या जुलै-ऑगस्टमध्ये कर्नल मॉन्सनची इंग्रज फौज यशवंतराव होळकरांपुढून मुकुंदऱ्याच्या खिंडीतून आग्र्याकडे मागे हटली तेव्हा तिच्या तोफा अशाच चिखलात रुतल्या. शेवटी तोफांच्या कानात खिळे ठोकून त्या टाकून द्याव्या लागल्या. होळकरांच्या घोड्यांनी तर त्यांना हैराण केलंच, पण पावसानेही केलं. तुझ्या खेळातला पाऊस मात्र पडद्यावरची नक्षी आहे. त्याला वजन तू द्यायचंस.

पानिपत आठव. आपण ते एका दिवसाची लढाई म्हणून लक्षात ठेवतो, १४ जानेवारी १७६१. पण ते गेलं त्याच्या आधीच्या अडीच महिन्यांत. ऑक्टोबर १७६०च्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला आणि भाऊसाहेब आणि दिल्ली यांच्या मधे बसला. भाऊसाहेबांबरोबर लढणाऱ्यांखेरीज यात्रेकरू, बायका-मुलं, बाजारबुणगे. रसद आणणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. लढाईच्या सकाळी फौज बाहेर पडली ती उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा चांगल्या होत्या, माणसं शूर होती. धान्य नव्हतं. तुझ्या खेळात फौज पैसे खाते, धान्य खात नाही, म्हणूनच तुला पानिपत कधी भेटलं नाही. वरचा नियम पाळलास तर भेटेल. आणि पालखेडही भेटेल. १७२८मध्ये बाजीरावांनी निजामाला मोठी लढाई न देताच कोंडलं. तो तोफा मागे ठेवून पाठलागाला आला, आणि त्याला पाण्यापासून आणि दाण्यापासून तोडून तहाला आणलं. शत्रूला हा नियम लागू होत नाही अशी तक्रार तू करशील. कर. खऱ्या आयुष्यातही अब्दालीला यमुनेपलीकडून रसद मिळत होती.

दुसरी दोरी सरदारांची. तुझ्या नकाशावर ‘मराठे’ म्हणून एकच रंग आहे. तो रंग खोटा आहे, किंवा निदान अर्धाच खरा आहे. होळकर, शिंदे, गायकवाड, नागपूरकर भोसले हे प्रत्येकी आपला मुलूख, आपली फौज, आपलं कर्ज आणि आपला राग घेऊन वावरत होते. १७९३मध्ये लाखेरीला होळकर आणि शिंदे एकमेकांशीच लढले. मी काय करते ते सांगते. सापशिडीच्या डब्यातला फासा टेबलावर ठेवते. चार फौजा चार सरदारांच्या, प्रत्येकाचा एक प्रदेश ठरलेला. दुसऱ्याच्या प्रदेशात मदतीला जायचा हुकूम दिला की फासा टाकायचा. एक किंवा दोन पडले तर सरदार जागचा हलत नाही. सहा पडले तर तो सांगितल्याच्या पुढे जातो, शेजाऱ्याशी तह असला तरी त्याच्यावर चाल करतो. बाकी आकड्यांना हुकूम मानतो. शिवाय तो स्वतः जिंकलेला प्रांत त्याचा सरंजाम. त्याच्या उत्पन्नातून होईल तेवढीच त्याची फौज. हे कागदावरच ठेवावं लागतं, खेळ तुला यात मदत करत नाही. पण एकदा असा फासा पडून तुझा उत्तरेतला सरदार ऐन वेळेला अडून बसला ना, की खलित्यावर खलिते का जायचे, आणि तरी फौज का यायची नाही, हे पुस्तकाशिवाय समजतं.

तिसरी दोरी सगळ्यात साधी आणि पाळायला सगळ्यात अवघड. सेव्ह, म्हणजे जपून ठेवलेला डाव, एकच. कॉम्प्युटर बंद करताना करायचा, मधे नाही, आणि हरलं म्हणून मागचा लोड करायचा नाही. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ या दुसऱ्या खेळात यासाठी ‘आयर्नमॅन’ म्हणून सोयच आहे, तिथे खेळ स्वतःच एकच सेव्ह ठेवतो. ‘एम्पायर’मध्ये ते तुझ्या मनावर.

तू म्हणशील, हरलो तर साठ तास पाण्यात. इथे मला आपल्याच गावची गोष्ट सांगायचीय. राजवाड्यावरून तू रोज जातोस. १८०१च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकर इंदुरापाशीच शिंद्यांच्या कवायती फौजेकडून हरले. शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटलं, राजवाडा जाळला. तुझ्या खेळात ही वेळ आली असती तर तू काय केलं असतंस? लोड. त्यांनी नाही केला, त्यांना करता येत नव्हता. पळता पळता फौज गोळा केली आणि बरोबर वर्षाने, २५ ऑक्टोबर १८०२ला, पुण्याशेजारी हडपसरला शिंदे आणि पेशवे दोघांच्या एकवटलेल्या फौजेला धूळ चारली. आपल्या पराक्रमाच्या यादीत हडपसर वरच्या नंबरावर नाही, पण उभारीची इतकी मोठी गोष्ट मला दुसरी माहीत नाही. आणि तू पहिल्या पराभवालाच लोड दाबत असशील तर तुझ्या चारही मोहिमांत हडपसर घडणारच नाही. घडायला आधी इंदूर जळावं लागतं.

त्याच गोष्टीचा पुढचा भाग तर आणखी खोल आहे. हडपसरला हरलेले दुसरे बाजीराव पळाले ते थेट इंग्रजांकडे, आणि ३१ डिसेंबर १८०२ला वसईचा तह झाला. यशवंतरावांनी लढाई जिंकली आणि तिच्यातून इंग्रज घरात आले. वर्षभरात शिंदे-भोसले इंग्रजांकडून हरले: असई, अडगाव, लासवारी. जिंकलेली लढाई आणि साधलेला हेतू यांच्यात एवढं अंतर पडू शकतं. म्हणून चौथं सांगते, आणि हा नियम नाही, सवय आहे. मोहीम सुरू करायच्या आधी कागदावर हेतू लिही. ‘हिंदुस्थान जिंकणे’ हा हेतू नाही, ती भूक आहे.

हेतू कसा लिहायचा ते तुझ्याच डावावर दाखवते. ‘एम्पायर’ १७०० साली सुरू होतो. ते साल तू नुसतं साल म्हणून पाहिलंस. १७००च्या मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. एप्रिलमध्ये सातारा औरंगजेबाच्या हातात पडला. गादीचा कारभार तरुण ताराबाईंच्या अंगावर आला, आणि मोगल बादशहा स्वतः दख्खनेत तळ ठोकून बसलेला. मराठ्यांच्या इतिहासात इतकं वाईट वर्ष शोधून सापडायचं नाही. खेळ मात्र तुला त्याच वर्षी नीटनेटकं राज्य आणि भरलेला खजिना देतो. तर पहिली सात वर्षं ताराबाईंसारखी खेळ. औरंगजेब मार्च १७०७मध्ये अहमदनगरला वारला. तोवर मोगलांचं एकही मुख्य शहर घ्यायचं नाही. त्यांच्या मुलखात घुसायचं, शेतं, बंदरं, बाहेरची गावं उद्ध्वस्त करायची आणि मोठी फौज समोर आली की निघून यायचं. मग तहाच्या बोलण्यात रोख रक्कम मागायची. मिळाली तर त्या प्रांताला वर्षभर हात लावायचा नाही. चौथाई म्हणजे हेच होतं, उत्पन्नाचा चौथा हिस्सा द्या आणि निवांत राहा. हेतू एका ओळीचा: १७०७पर्यंत टिकणे, आणि तेव्हा खजिन्यात सुरुवातीपेक्षा जास्त पैसा असणे. बस. मी हा डाव तीनदा मांडला, दोनदा बुडाले.

दुसरा हेतू अगदी उलट टोकाचा, आणि मला जास्त जवळचा. १७५०पासून पुढे एकही नवा प्रांत घ्यायचा नाही. खालच्या वर्गाचा कर खेळात वेगळा ठरवता येतो, तो सगळ्यात खाली ठेवायचा. पैसा रस्त्यांवर, शेतीवर, विद्येवर घालायचा आणि सीमेवर येणारे हल्ले तेवढ्यातून परतवायचे. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ महेश्वरातून कारभार पाहिला तो बहुतेक असाच. काशीचं विश्वनाथाचं देऊळ उभं राहिलं, महेश्वरात विणकर वसले. आपण त्यांना देवी म्हणून हात जोडतो आणि पुढे जातो. एकदा त्यांच्या जागी बसून बघ. कर कमी ठेवून फौज पोसणं किती अवघड असतं हे तिसऱ्या-चौथ्या वर्षी खजिना बघून कळतं. चढाईला मनाई असल्यावर तह, व्यापार, शेजाऱ्यांची मनं या सगळ्या खिडक्या, ज्या तू चार मोहिमांत उघडल्याही नसशील, त्या रोज उघडाव्या लागतात.

लढाईबद्दल थोडंच. मोठ्या लढाया ऑटो-रिझॉल्व्हवर, म्हणजे कॉम्प्युटरनेच निकाल लावण्यावर, सोडू नकोस, आणि मैदानावर पॉझ करू नकोस. आणि कॅमेरा आकाशात नेऊ नकोस. सेनापतीच्या घोड्यामागे, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेव. हे मला महिदपूरला कळलं. दोन वर्षांपूर्वी उज्जैनहून पुढे तिथे गेले होते, नुसतं क्षिप्रेच्या काठावर उभं राहायला. २१ डिसेंबर १८१७ला तिथे होळकरांची फौज हिस्लॉप आणि माल्कमच्या फौजेपुढे उभी होती. होळकरांच्या तोफांच्या माऱ्यात इंग्रज उथळ पाण्यातून नदी पार करून आले आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. सोळा दिवसांत मंदसौरचा तह. मी नकाशा पाठ करून गेले होते, बाण कुठून कुठे ते सगळं. काठावर उभी राहिले तर समोरचा काठ, झुडपं आणि वळणावरचं पाणी, याच्यापलीकडे काही दिसेना. डावीकडे काय चाललंय ते वळणाने झाकलेलं. त्या दिवशी तोफांचा धूर असणार तो वेगळाच. घरी आले आणि त्याच रात्री कॅमेरा खाली आणला. पहिली लढाई दाणकन हरले, माझं उजवं अंग कधी मोडलं ते मला दिसलंच नाही. तोवर मला वाटायचं, इतके मोठे सेनापती अशा ढोबळ चुका कशा करत होते.

मॉडबद्दल, म्हणजे चाहत्यांनी खेळात केलेल्या फेरफारांबद्दल, विचारलं नाहीस, पण विचारशील. ‘एम्पायर’साठी ‘डार्थमॉड’ जुनं आणि नावाजलेलं आहे, लढाया मोठ्या होतात आणि शत्रू जरा शहाण्यासारखा वागतो. टाकायच्या आधी खेळाच्या फोल्डरची कॉपी करून ठेव, आणि एका वेळी एकच मॉड.

पुढे कधी खेळ बदलावासा वाटला तर ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ घे. ११ नोव्हेंबर १४४४ला सुरू होतो, हवं ते राज्य घेता येतं, अगदी एका प्रांताचंही. तिथे भराभर मुलूख घेत सुटलं की शेजाऱ्यांचा रोष आकड्यात साठत जातो आणि तो पन्नाशीपलीकडे गेला की ते सगळे मिळून तुझ्याविरुद्ध आघाडी करू शकतात. बर्फाच्या गोळ्याला तिथे वाटेत थोडे दगड आहेत. आणि सरदारांच्या रुसव्याफुगव्यांची खरी हौस असेल तर ‘क्रुसेडर किंग्ज ३’. तिथे फासा लागत नाही, प्रत्येक मांडलिकाला स्वतःचा स्वभाव, स्वतःचा लोभ आहे, आणि तू मेलास की मुलगे राज्य वाटून घेतात. पण हे दोन्ही खेळ शिकायला महिने जातात. आधी हातातला डाव नीट खेळ.

आता एक काळजीची गोष्ट. हे सगळं एकदम लावू नकोस. मी पहिल्या उत्साहात अकरा नियम केले होते. दर टर्नला वही, फासा, बेरीज, परत वही. आठवड्याभरात ते कचेरीचं काम झालं आणि डाव अर्धवट राहिला. तू दोनच घे: दसऱ्याचा नियम आणि एकच सेव्ह. ते अंगवळणी पडले की सरदारांचा फासा आण. एखादा नियम तुला नुसता त्रास देत असेल, त्यातून काही गोष्ट घडत नसेल, तर काढून टाक. तो काही शास्त्रात लिहिलेला नाही. आणि रात्री एकाच बैठकीत दहा वर्षं उरकू नकोस. एक मोसम खेळ, हिवाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत, आणि झोप. सकाळी पोहे खाताना पुढच्या मोसमाचा विचार डोक्यात चालू राहतो. त्याची गोडी पडद्यासमोर बसण्याच्या गोडीपेक्षा कमी नाही.

शेवटचं तुझ्या बहिणीबद्दल. ती शेजारी बसून बघते आणि टोकते, म्हणजे तिला यात रस आहे. तिला दिवाण कर. खजिना तिच्या हातात. नवी तुकडी उभी करायची तर तू तिला कारण सांगायचं आणि तिने हो म्हटलं तरच पैसा निघेल. आणि तिला वीसेक चिठ्ठ्या लिहायला सांग, तुला न दाखवता. दुष्काळ पडला, या वर्षी माळव्याचा वसूल नाही. सेनापती तापाने आजारी, दोन टर्न हलणार नाही. थोरले बाजीरावसाहेब असेच नर्मदेकाठी रावेरखेडीला एकोणचाळिसाव्या वर्षी गेले, तेव्हा ही चिठ्ठी तिने जरूर लिहावी. सावकाराने तगादा लावलाय, एक फौज मोडा. दोन-तीन चिठ्ठ्या चांगल्याही असू देत, पीक उत्तम आलं, शत्रूचा सरदार फितूर झाला. दर दसऱ्याला एक काढायची. कॉम्प्युटर काय करणार हे तुला चार मोहिमांत पाठ झालंय. ती काय लिहील ते तुला कधीच कळणार नाही.

१७००च्या हिवाळ्यापासून सुरू करा. पहिली चिठ्ठी काय निघाली ते मला कळव.

तुझी,
ताई